मिंटवर टचपॅड नीट चालेना, टाईप करताना कर्सर कुठंही पळतोय

पेठेतली_टायपिस्ट

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, साखर पेठेत टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १० वर चालायचा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या मशीनवर बसत नाही म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं, २२ आहे, सिनॅमन डेस्कटॉप वालं. मशीन पहिल्यापेक्षा हलकं झालंय, प्रिंटर आपोआप सापडला, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड पण लगेच मिळाला, मला लिनक्स सोडायचं नाहीये हे आधीच सांगते म्हणजे परत विंडोज टाका असं कुणी म्हणू नका.

पण टचपॅडनं जीव नकोसा केलाय. एक तर हलकं बोट टेकवून क्लिक होत नाही, खाली कट्ट करून दाबावं लागतं, दिवसभर दाबून बोट दुखतं. दुसरं म्हणजे स्क्रोल उलटं होतंय. आणि सगळ्यात वाईट तिसरं, टाईप करता करता कर्सर मधेच चार ओळी वर जाऊन बसतो आणि पुढची अक्षरं तिथं घुसतात. प्रतिज्ञापत्रात वारसाच्या नावात असं भलतं अक्षर गेलं आणि ते तसंच स्टॅम्पपेपरवर उतरलं तर त्या माणसाचा दिवस वाया जातो, परत रांग, परत पैसे, गावाकडनं एसटीनं आलेली माणसं असतात हो. म्हणून हे मला नीटच करायचंय, चालतंय म्हणून सोडायचं नाही.

अजून एक, हे सारखं होत नाही पण कधीकधी बाण थरथरतो, बोट एका जागी ठेवलं तरी. माऊस लावायला काउंटरवर जागा नाही, गिऱ्हाइकांची कागदं असतात. कुणाला काही माहिती असेल तर सांगा, टर्मिनल उघडता येतं मला, कमांड कुठं टाकायची तेवढं कळतं.

---

सिनॅमनप्रेमी

पहिल्या दोन गोष्टी तर दोन मिनिटांच्या आहेत ताई. मेनूत सिस्टिम सेटिंग्ज, त्यात माऊस अँड टचपॅड, वर टचपॅडचा टॅब. तिथं टॅप टू क्लिक चालू करा, खाली स्क्रोलिंगमध्ये रिव्हर्स स्क्रोलिंग डायरेक्शन आहे ते बदला. तिथंच टाईप करताना टचपॅड बंद ठेवायचा पर्याय पण आहे, तो चालू आहे का बघा, तुमची तिसरी तक्रार त्यानंच जायला पाहिजे.

क्लिक मेथड पण बघून ठेवा. एका पद्धतीत उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबलं की राइट क्लिक होतं, दुसऱ्या पद्धतीत दोन बोटांनी कुठंही दाबलं की. बऱ्याच जणांना वाटतं राइट क्लिक बिघडलंय, बिघडलेलं काही नसतं, पद्धत दुसरी लागलेली असते.

---

जुना_पेंग्विन

सेटिंगच्या नादी लागू नका, सिनॅप्टिक्सचा ड्रायव्हर इन्स्टॉल करा आणि सिनक्लायंटच्या कमांडनं पाम डिटेक्ट म्हणजे तळवा ओळखणं चालू करा, मी वर्षानुवर्षं तेच करतोय, नेटवर शेकडो ठिकाणी लिहिलेलं आहे.

---

माग_आणि_मिंट

जुना_पेंग्विन दादा, तुमच्या मशीनवर ते चालत असेल त्याबद्दल वाद नाही, पण नव्या माणसाला आज तो रस्ता दाखवू नये असं मला मनापासून वाटतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या दोन तीन कारखान्यांचे ऑफिस कॉम्प्युटर बघतो, सगळे मिंट आणि उबंटूवर आहेत, आणि तिथं टचपॅडचं जे काही बिघडलेलं सापडतं त्यातलं निम्मं नेटवरची दहा वर्षांपूर्वीची कमांड कुणीतरी जशीच्या तशी मारल्यामुळं झालेलं असतं.

आधी हे समजून घ्या की आता टचपॅड कोण चालवतं. पूर्वी सिनॅप्टिक्स नावाचा ड्रायव्हर असायचा, सिनक्लायंट ही त्याचीच कमांड. साधारण २०१४ च्या सुमारास लिबइनपुट सुरू झालं, आधी वेलँडसाठी आणि मग जुन्या एक्सऑर्गसाठी पण (पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या आणि जुन्या व्यवस्था ह्या), आणि आज मिंट, उबंटू, फेडोरा सगळीकडे टचपॅड, माऊस, कीबोर्ड हे सगळं लिबइनपुटच बघतं. सिनॅप्टिक्स ड्रायव्हरमध्ये नवीन काम थांबलेलं आहे आणि वेलँडवर तो चालतच नाही. लिबइनपुट असताना सिनक्लायंट मारलं तर ते चालत नाही, मग माणूस सिनॅप्टिक्स इन्स्टॉल करतो, मग टचपॅड त्याच्या ताब्यात जातं, मग सेटिंगमध्ये जे बदलतोय त्याचा मेळ लागत नाही, आणि मग लिनक्सला शिव्या. लिबइनपुटमध्ये बटणं कमी आहेत हे खरंय, पण ते मुद्दाम तसं ठेवलंय, हाताचा तळवा कुठला आणि बोट कुठलं हे त्यानं स्वतः ओळखावं, आपण साठ आकडे भरत बसू नये म्हणून.

तर ताई, सिनॅमनप्रेमीनं सांगितलेलं आधी करा. त्यानंतरही टाईप करताना कर्सर पळत असेल तर मला दोन गोष्टी सांगा.

एक, टर्मिनलमध्ये एक्सइनपुट लिस्ट ही कमांड टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत, मधे एक स्पेस. जी यादी येईल त्यात टचपॅड हा शब्द असलेलं नाव दिसतंय का, की नुसतं पीएस टू जेनेरिक माऊस दिसतंय. जेनेरिक माऊस दिसत असेल तर कर्नलनं म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं तुमचं टचपॅड ओळखलेलंच नाही, त्याला ते साधा माऊस समजतंय, मग दोन बोटांचं स्क्रोल नाही, टॅपचं सेटिंग नाही, काहीच नाही, आणि तो वेगळा आजार आहे.

दोन, लिबइनपुट टूल्स हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं टाका आणि मग सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस चालवा. लांबलचक यादी येते, तिच्यात कीबोर्ड म्हणून किती आणि कुठली नावं आहेत ती इथं लिहा. ह्या यादीत टॅप टू क्लिक डिसेबल्ड असं दिसलं तर घाबरू नका, तिथं ड्रायव्हरची मूळ सेटिंग दिसते, तुम्ही सेटिंग्जमध्ये बदललेली दिसत नाही.

कीबोर्डची नावं का विचारतोय ते तुमचं उत्तर आल्यावर सांगतो. एकच आधी सांगा, टायपिंग लॅपटॉपच्याच कीबोर्डावर करता ना? का बाहेरचा लावलाय?

---

पेठेतली_टायपिस्ट

सिनॅमनप्रेमी, टॅप आणि स्क्रोल दोन्ही झालं, मोठं काम झालं, बोटाला आराम. टाईप करताना बंदचा पर्याय तर आधीपासूनच चालू होता, म्हणून तर मला कळेना की मग पळतंय कशाला.

माग_आणि_मिंट, कीबोर्ड लॅपटॉपचाच आहे. पहिल्या यादीत टचपॅड असं लिहिलेलं दिसतंय. दुसऱ्या यादीत कीबोर्डसारखी नावं म्हणजे एक एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड असं काहीतरी, आणि एक कीडी व्हर्च्युअल कीबोर्ड. पॉवर बटन, व्हिडिओ बस वगैरे पण आहेत.

ते कीडी म्हणजे भाच्यानं टाकलंय ते. माझं डी चं बटण मेलंय. इनस्क्रिप्टमध्ये डी वर हलंत असतो, शिफ्ट डी वर अ. हलंतच नाही म्हटल्यावर जोडाक्षर एक येईना, प्रतिज्ञापत्र हा शब्दच लिहिता येत नव्हता, म्हणून त्यानं कॅप्स लॉक दाबलं की डी उमटेल असं करून दिलं. ते अगदी छान चालतंय, त्याला हात लावू नका म्हणजे झालं.

---

माग_आणि_मिंट

सापडलं की मग! त्याला हात लावायचा नाही, पण पळापळ तिथनंच आहे.

लिबइनपुट टाईप करताना टचपॅड बंद ठेवतं ते कसं, तर लॅपटॉपच्या अंगातला कीबोर्ड आणि टचपॅड ह्यांची ते जोडी लावतं. अंगातल्या कीबोर्डावर बटण दाबलं की टचपॅडला थोडा वेळ गप्प बसवतं, एखादंच बटण दाबलं तर अगदी थोडा वेळ, सलग टायपिंग चालू असेल तर जरा जास्त. नुसतं कंट्रोल किंवा शिफ्ट दाबलं तर गप्प बसवत नाही, कारण कंट्रोल धरून क्लिक करायचं असतं माणसाला. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड असेल तर जोडी लावत नाही, कारण तो कीबोर्ड टचपॅडपासून लांब असणार, तळवा टेकायचा प्रश्न येत नाही. हे सगळं विचार करून केलेलं आहे.

आता कीडी काय करतं, तर तुमचा खरा कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेतं आणि एक खोटा कीबोर्ड तयार करून त्यातनं बटणं पुढं पाठवतं. लिबइनपुटच्या दृष्टीनं खरा कीबोर्ड दिवसभर मुका आहे, आणि जो बोलतोय तो अंगातला आहे हे त्याला माहीतच नाही. म्हणून सेटिंग चालू असून टचपॅड कधीच गप्प बसत नाही, आणि इनस्क्रिप्टमध्ये टाईप करताना अंगठ्याखालचा तळवा दाबला गेला की क्लिक झालं, कर्सर गेला. आणि आता तर टॅप टू क्लिक चालू केलंय म्हणजे हे आधीपेक्षा जास्तच होणार, त्यामुळं हे आजच करून घ्या.

उपाय एका छोट्या फाईलचा आहे. ईटीसी ह्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिबइनपुट नावाचं फोल्डर, नसेल तर तयार करा, त्यात लोकल-ओव्हरराइड्स डॉट क्वर्क्स नावाची फाईल. सुडो लावून नॅनो ह्या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघडा. तिच्यात चार ओळी. पहिली चौकोनी कंसात, सिरीयल कीबोर्ड्स, हे नुसतं नाव आहे, वेगळं दिलं तरी चालतं. दुसरी मॅचयूडेव्हटाइप बरोबर कीबोर्ड. तिसरी मॅचनेम बरोबर कीडी, मग फुली म्हणजे स्टार, मग कीबोर्ड. चौथी ॲट्रकीबोर्डइंटिग्रेशन बरोबर इंटर्नल. सगळा जीव चौथ्या ओळीत आहे, ती सांगते की हा खोटा कीबोर्ड अंगातलाच समज. बरोबर चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस द्यायची नाही, कॅपिटल स्मॉल अक्षरं बदलायची नाहीत. कीडीच्या स्वतःच्या माहितीपानावर प्रश्नोत्तरांमध्ये हाच मजकूर इंग्रजीत तयार आहे, हातानं लिहिण्यापेक्षा तिथनं कॉपी करा, माझ्या मराठीवरनं अक्षरं लावत बसू नका.

मग मशीन रिस्टार्ट. मग टेक्स्ट एडिटर उघडून मुद्दाम तळवा टचपॅडवर ठेवून एक परिच्छेद टाईप करून बघा.

---

वायरमन_अशोकचौक

मला लिनक्समधलं कळत नाही, भावाच्या लॅपटॉपसाठी वाचत होतो, पण अक्का तुम्ही बाण थरथरतो म्हणालात त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ते चार्जर लावल्यावरच होतं का बघा. चार्जर काढला की बाण शांत, लावला की थरथर, आणि लॅपटॉपला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा भाग असेल तर त्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, असं असेल तर ते सॉफ्टवेअरचं नाही, अर्थिंगचं आहे.

टचपॅड बोटामुळं होणारा विजेचा अगदी बारीक फरक मोजत असतं. चार्जरमधनं थोडासा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तिथंच घोटाळतो आणि टचपॅडला बोट हलल्यासारखं वाटतं. पेठेतल्या जुन्या दुकानांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो पण वरच्या मोठ्या पिनच्या मागं वायरच जोडलेली नसते, मी रोज बघतो. नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा एक्स्टेंशन बोर्ड, त्याची वायरच दोन तारांची. कुणी कुणी तर तीन पिनच्या केबलला दोन पिनचं कन्व्हर्टर लावतात, ते तर अजिबात करू नका.

वायरमनला बोलवून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा, २३० च्या आसपास यायला पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी एखाद दोन व्होल्ट. त्यात गडबड असेल तर अर्थिंगचा खड्डा बघायला लागतो. आपल्याकडं एप्रिल मे मध्ये जमीन इतकी सुकते की पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग पण उन्हाळ्यात कमजोर पडतं, खड्ड्यात पाणी घालायचं असतं हे कारखान्यातली माणसं करतात, दुकानदार कुणी करत नाही. आणि हे फक्त बाणासाठी नाही हो, झेरॉक्स मशीन आहे तुमच्याकडं, गिऱ्हाईक हात लावतं, अर्थिंग पाहिजेच.

---

माग_आणि_मिंट

वायरमन अण्णा, लाख मोलाचं बोललात. माग असलेल्या शेडमधल्या ऑफिसात मला हे दिसतं, मी बोटाला घाम आलाय का आधी बघतो कारण ओल्या बोटानं पण टचपॅड भांबावतं, उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेल्यावर तर विचारायलाच नको, कोरड्या फडक्यानं पुसलं की बरं चालतं. पण चार्जर काढून बघणं ही पहिली तपासणी पाहिजे, पैसा लागत नाही आणि दहा सेकंदात कळतं.

---

केगाव_हॉस्टेल

मधेच विचारतोय सॉरी, माझं उबंटू २४.०४ आहे, एक्सइनपुट लिस्ट टाकलं तर टचपॅडचं नावच नाही, सगळं एक्सवेलँड पॉइंटर असलं काहीतरी येतंय. माझं पण टचपॅड ओळखलेलं नाही का? उजव्या कोपऱ्यात दाबलं तर राइट क्लिक येईना. आणि लॅपटॉप झोपवून उठवला की कधीकधी टचपॅड मेलेलंच असतं.

---

माग_आणि_मिंट

ओळखलंय रे, तू वेलँडवर आहेस एवढंच. एक्सइनपुट ही एक्सऑर्गची कमांड, वेलँडमध्ये तिला खरं हार्डवेअर दिसत नाही आणि तिनं काही बदलता पण येत नाही. एक्सऑर्गवर सुद्धा तिनं केलेला बदल रिस्टार्टनंतर जातो, ते पण लक्षात ठेव. तुझ्या ग्नोम ४६ मध्ये, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपमध्ये, सेटिंग्ज, माऊस अँड टचपॅड, टचपॅडचा भाग, तिथं सेकंडरी क्लिक म्हणून आहे, दोन बोटं की कोपरा ते निवड. कमांडनंच करायची हौस असेल तर जीसेटिंग्ज वापर.

झोपेतनं उठल्यावर मेलं तर कर्नलमधला ड्रायव्हर काढून परत घालून बघ. जुन्या पद्धतीचं टचपॅड असेल तर त्या मॉड्युलचं नाव पीएसमाऊस, सुडो मोडप्रोब वजा आर पीएसमाऊस, मग सुडो मोडप्रोब पीएसमाऊस. नव्या मशीनमध्ये बहुतेक टचपॅड आय टू सी वर असतं, त्याचं मॉड्युल आय टू सी हिड एसीपीआय, मधल्या जागी अंडरस्कोअर. एकदा एक, नाही झालं तर दुसरं. आणि त्याआधी फंक्शन की दाबून टचपॅड बंद पडलंय का तेवढं बघ, तुमच्या हॉस्टेलवर निम्म्यांचं तेच असतंय बे.

---

केगाव_हॉस्टेल

राइट क्लिक आलं. झोपेचं रात्री बघतो, आत्ता चालू आहे. थँक्यू दादा.

---

जुना_पेंग्विन

कीडीचं मला माहीत नव्हतं, वाचून ठेवलं. पण एक प्रश्न राहतोच. मी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी मध्ये फाईल टाकून लिबइनपुटची टॅपिंग बंद ठेवली होती, सिनॅमनमध्ये लॉगिन झालं की ती परत चालू व्हायची. मग फाईलचा उपयोग काय.

---

माग_आणि_मिंट

कारण सिनॅमन आणि ग्नोम दोघंही लॉगिन झाल्या झाल्या स्वतःची सेटिंग टचपॅडवर चढवतात, फाईलमधलं त्याच्याखाली जातं. म्हणून सिनॅमन असेल तर सेटिंग्जमधनंच बदलायचं, फाईल आणि सेटिंग दोन्हीकडं वेगवेगळं ठेवायचं नाही, नाहीतर कोण जिंकतंय ते शोधत बसावं लागतं. फाईल लागते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे आयथ्रीसारखं नुसतं विंडो मॅनेजर वापरणाऱ्याला, त्याच्याकडं सेटिंग चढवणारं कुणी नसतं. दुसरं लॉगिन स्क्रीन, तिथं अजून कुणाचं लॉगिनच झालेलं नसतं, त्यामुळं सिनॅमनची सेटिंग तिथं पोचत नाही. पासवर्डच्या स्क्रीनवर टॅप चालत नसेल तर ईटीसी, एक्स११, एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी मध्ये ३०-टचपॅड डॉट कॉन्फ टाकून त्यात ड्रायव्हर लिबइनपुट आणि टॅपिंग ऑन.

वेग पण सेटिंग्जमधनंच. लिबइनपुटमध्ये वेग वजा १ पासून १ पर्यंत असतो, मधे शून्य, तो स्लायडर तेच करतो. बारीक बारीक रकाने भरायचे असतील तर थोडा कमी ठेवलेला बरा.

---

पेठेतली_टायपिस्ट

फाईल केली, कॉपीच केली. आधी काहीच फरक पडला नाही म्हणून परत उघडून बघितलं तर फाईलच्या नावात क्वर्क्सच्या पुढं टीएक्सटी लागलं होतं, ते काढलं, रिस्टार्ट केलं आणि आता तळवा मुद्दाम दाबून ठेवून वारसनोंदीचा अख्खा अर्ज टाईप केला, कर्सर जागचा हलला नाही. टायपिंग थांबवलं की लगेच बोटानं बाण हलतो, अडल्यासारखं वाटत नाही.

थरथरचं वायरमन अण्णा म्हणाले तेच निघालं, चार्जर काढला की शांत. आमच्या बोर्डावर अर्थची वायर होती पण आत सुटलेली, शेजारच्या वायरमननं जोडून दिली, झेरॉक्स मशीनचा सॉकेट पण त्याच ओळीवर होता म्हणजे तो पण इतके दिवस तसाच चालला होता. मुंग्या यायच्या त्या पण गेल्या.

आता एकच विचारते. पुढच्या महिन्यात नवा कीबोर्ड बसवून घेणार आहे, डी चं बटण परत येईल, मग ह्या फाईलचं काय करायचं? आणि मिंटचा मोठा अपडेट आला तर ती पुसली जाईल का?

---

माग_आणि_मिंट

साध्या अपडेटनं पुसली जाणार नाही, ईटीसी मधल्या त्या जागी आपण ठेवलेली फाईल अपडेट हलवत नाही. सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल केलं तर मात्र परत करावी लागेल, म्हणून एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. नवा कीबोर्ड बसला की भाच्याला सांगून कीडी काढून टाका, खरा कीबोर्ड आपोआप टचपॅडशी जोडला जाईल, मग फाईल ठेवली काय काढली काय, तिला जुळणारा कीबोर्डच नसल्यामुळं ती काही करत नाही. कीबोर्ड बदलताना फक्त दुकानदाराला एवढं सांगा की टचपॅडची चपटी पट्टी परत नीट बसवून लॉक कर, ती अर्धवट बसली की टचपॅड यादीतनंच गायब होतं आणि मग आपण उगाच सेटिंग शोधत बसतो.